नऊ क्रमांकाच्या खोलीची लांबी

विद्यापीठाच्या बांधकाम विभागाचा लेखी दावा असा की, माझी खोली ओलीमुळे आखडत आहे. ओल आलेली भिंत फुगते, पोपडे टाकते, चालत नाही. शिवाय माझी भिंत नेमकी त्याच दिवशी पुढे सरकते, ज्या दिवशी विभागात कोणाचे तरी पेढे वाटले जातात. बर्व्यांना बढती मिळाली तेव्हा पुस्तकांचे कपाट भिंतीत गेले. देवस्थळींच्या मुलीचे लग्न ठरले तेव्हा टेबल आणि खुर्ची. दोघांनाही मी निर्दोष मराठीत अभिनंदनाची पत्रे लिहिली होती. भिंतीवर त्यांचा काहीही परिणाम झाला नाही.

आज सकाळी दार उघडेना. ते आत उघडते, आणि आत जागा उरलेली नाही. चार बोटांच्या फटीतून शिपाई दगडूमामांनी पेढा पुढे केला.

"शर्वाणी मॅडमचा, सर. पुस्तकाला पुरस्कार मिळाला. तोंड गोड करा."

"तुमची खोली कशी आहे, मामा?"

"वाढतेच आहे. जिन्याखाली दोन माणसं मावत नव्हती. आता स्टोव्हपासून स्टुलापर्यंत सायकलनं जातो. चहा तेवढा गार होतो."

दगडूमामा प्रत्येकाचा पेढा घरचाच असल्यासारखा खातात. याला मी आजवर अज्ञान समजत होतो.

मी पेढा तोंडात टाकला. तो विरघळला नाही. भिंत पाठीला टेकली.

फटीत शर्वाणी गुंजीकर दिसली. ती माझी एकेकाळची विद्यार्थिनी. तिचा पहिला प्रबंध मी नाकारला होता.

"सर, आनंद झाला असं म्हणा. भिंत थांबेल."

"म्हटलं. तीनदा."

"मला पटलं, सर. भिंतीला पटायला हवं."

"मग काय म्हणू?"

"खरं असेल ते. मी लिहून घेते."

तिला बसायला स्टूल आणावे म्हणून दगडूमामा सायकलवरून निघाले; त्यांना वेळ लागणार होता. माझी छाती दाराला लागली होती, त्यामुळे वाक्ये लहान झाली. तिने लिहून घेतले ते शब्दशः असे :

"तुझा प्रबंध मी नाकारला. त्या संध्याकाळी खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायला दोनशे पावलं लागली. प्रबंध चांगला होता. मी पुन्हा पुन्हा चाललो."