दोराचं दुसरं टोक

“दोर ताणलाय. खाली कोणीतरी आहे. सांगा, काय करता?”

बाहेरच्या खोलीतून बाबांचा आवाज आला आणि तिच्या हातातलं पातेलं कलंडलं. चहा कपात पडायचा तो ओट्यावर सांडला, ओट्यावरून तिच्या पावलावर आला. भाजल्याचं नंतर कळलं. तोच खर्जातला, नाकातून किंचित घासत येणारा आवाज. ‘काय करता’पाशी येऊन थांबणारा, समोरच्याला पेचात टाकून गंमत बघणारा. बाबांना जाऊन महिनाही झाला नव्हता.

ती दारात येऊन उभी राहिली. बाबांच्या खुर्चीत औषधवाले काका बसले होते. मान तिरकी, हनुवटी गळ्याशी टेकलेली, डोळे अर्धवट मिटलेले. बाबा बसायचे तसेच. समोर ड्रायव्हरमामा तोंड उघडं टाकून ऐकत होते. शिंपीणमावशींनी रुमाल तोंडाशी धरला होता.

“पुन्हा बोल रे,” मामा म्हणाले. “हुबेहूब तोच. डोळे मिटले तर वाटतं, इथेच बसलाय.”

“काका,” ती म्हणाली, “हे काय चाललंय?”

काकांनी डोळे उघडले. चोरी पकडली गेल्यासारखे नाही, शाबासकीची वाट बघणाऱ्यासारखे. “अगं, ये ना! तुलाच बोलावणार होतो. तुझ्या बाबाला वर काढतोय आम्ही.”

भाड्याचं घर रिकामं करायचं होतं. त्याआधी एकदा, शेवटचं, त्याच खोलीत बाबांचा रविवारचा खेळ खेळू दे, असं या तिघांनी फोन करून विचारलं होतं, आणि ती हो म्हणाली होती. तिला वाटलं होतं, डाव मोडायला येतायत. चार शब्द बोलतील, फासे डबीत भरतील, डोळे पुसतील आणि जातील. इतकं तर आपण सहन करू.

बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. जन्मभर तेवढंच केलं. लिफ्टमध्ये माणूस अडकला की हात तारांमध्ये आणि तोंड त्या माणसापाशी ठेवायचं, हे त्या कामात आपोआप शिकावं लागतं. माणूस गप्प झाला की घाबरतो, घाबरला की दार उचकटायला बघतो. बाकीचे मेकॅनिक ‘पाच मिनिटं हं, झालंच’ म्हणत राहायचे. बाबा दाराच्या फटीला तोंड लावून विचारायचे, “समजा, तुम्ही एका भल्यामोठ्या आडाच्या काठावर उभे आहात. तळ दिसत नाही. हातात दोर आहे. काय करता?”

आतला माणूस आधी शिव्या घालायचा. मग कधीतरी, नाइलाजानं, उत्तर द्यायचा. आणि ते उत्तर बाबा ठेवून घ्यायचे.

अशी एक अख्खी दुनिया उभी राहिली. एकच आड, पण इतका रुंद की पलीकडची भिंत धुक्यात. भिंतीत कोरलेले सज्जे, एकाखाली एक, आणि प्रत्येक सज्जावर एक शहर. ऊन फक्त वरच्यांना. तिथून ते आरशांनी खाली पाठवायचं, एका सज्जावरून दुसऱ्यावर, आणि खाली जाईल तसं मंद होत जायचं. सातव्या सज्जावर पोचायचं ते शिळं ऊन. त्याचेही दलाल होते. त्याच्या खालच्या सज्जावरची माणसं भांडतानाही कुजबुजायची, कारण मोठ्यानं बोललेलं घुमून सगळ्या शहरांना ऐकू जाई.

आरसे मावशींचे. त्या अडकल्या तेव्हा पर्समध्ये आरसा होता आणि फटीतून येणारा उजेड त्याच्यावर घेऊन त्या अंधारातल्या कोपऱ्यात पाडत बसल्या होत्या. काका आपल्या दुकानाच्या इमारतीत दोन मजल्यांच्या मधे लटकले होते. त्यांनी आधी बाबांच्या सात पिढ्या उद्धरल्या आणि मग ओरडले, “काय करतो म्हणजे? दोर कापतो आणि तुला आत ढकलतो!” म्हणून त्या दुनियेत दोरकाप्यांची एक जमात होती. भडक डोक्याची आणि आतून भित्री. काका वर्षानुवर्षं त्याच जमातीतला एक भामटा होऊन खेळत होते.

बाबांनी काढलेल्या माणसांपैकी हे तिघं दर रविवारी दुपारी येत राहिले. बाबा खुर्चीत बसून दुनिया चालवायचे, हे तिघं तिच्यातली माणसं व्हायचे, आणि अडलं की वीस बाजूंचा फासा पडायचा.

ती आतल्या खोलीत पुस्तक घेऊन बसायची. आई गेली तेव्हा ती शाळेत होती. त्यानंतर बाबा तिच्याशी बोलायचे ते ‘जेवलीस?’ आणि ‘दार लावून घे.’ त्याच तोंडानं बाहेर मात्र उन्हाचे दलाल लबाडी करायचे, म्हातारे पहारेकरी फुशारक्या मारायचे, सातव्या सज्जावरची एक विधवा रडत रडत विनोद करायची. ती विधवा किती छान बोलायची! त्या बाईच्या वाट्याला आलेले बाबा आपल्या वाट्याला का आले नाहीत, हे तिनं कोणालाच विचारलं नव्हतं. एकदा विचारायचं होतं. मग हॉस्पिटल आलं.

“वर काढताय म्हणजे?” तिनं विचारलं.

“म्हणजे असं बघ,” काका पुढे सरसावले. “तो मेलाच नाही. इथे गेला, पण तिकडे नाही. तो आडाच्या तळाशी आहे. इतकी वर्षं मेल्यावर खाली सोडलेली सगळी माणसं आहेत ना, त्यांचा राजा झालाय! आम्ही त्याला वर काढायचा, सगळ्यात वरच्या सज्जावर बसवायचा, आणि मग दर रविवारी माझ्या घरी…” त्यांनी हनुवटी पुन्हा गळ्याशी नेली. आवाज खाली उतरला. “काय मंडळी, आलात का?”

तिच्या मस्तकात तिडीक गेली.

“तो आवाज काढू नका.”

“अगं, प्रेमानं…”

“काढू नका म्हटलं ना.”

मामांनी फासा मुठीत घेतला, जणू तोच आवाज करत होता.

“आणि राजा?” ती म्हणाली. “बाबांनी त्या आडात एक तरी राजा ठेवला का? कारकून ठेवले, दलाल ठेवले, एक बकरी चोरणारा न्यायाधीश ठेवला. आणि बाबांनाच तुम्ही मुकुट घालताय?”

“मी म्हटलंच होतं याला,” मावशी पुटपुटल्या. “राजा नको म्हणून. पण हा माझं ऐकेल तर ना. औषधाच्या बाटल्या विकून विकून याला वाटतं, सगळ्याला काहीतरी पाजता येतं.”

“तू रडत होतीस तेव्हा बरं चाललं तुला,” काका फणकारले. मग तिच्याकडे वळले. “हे बघ बाळ. टेबलावर बोललं ते झालं. हा तुझ्या बाबाचाच नियम. मी बोललोय. आता ते पुसता येत नाही.”

नियम खराच होता. मामांच्या जिभेवरून एकदा ‘माझा घोडा मेला वाटतं’ असं सहज निसटलं, तर बाबांनी घोडा मारला होता.

पण आणखी एक नियम होता, आणि तो या तिघांना तिच्याहून चांगला माहीत होता. आडात माणूस मेला की त्याला दोरानं खाली सोडायचं आणि दोर वरून सोडून द्यायचा. गेलेलं वर येत नाही. दुसऱ्यांच्या खेळांत म्हणे मंत्र असतात, जडीबुटी असते, मेलेले पुढच्या रविवारी उठून बसतात. बाबांनी ते येऊ दिलं नाही. मामांच्या पात्राचा धाकटा भाऊ खाली सोडला तेव्हा मामा हातापाया पडले होते, एक फासा टाकू दे म्हणून. बाबांनी फासा खिशात घातला आणि सगळ्यांना घरी पाठवलं. त्या दिवशी ते आतल्या खोलीत आले, तिच्या पलंगाच्या कडेला बसले, खूप वेळ बसले, आणि म्हणाले, “जेवलीस?”

“सरका,” ती काकांना म्हणाली.

“काय?”

“खुर्ची द्या. तुम्ही बोललात ते झालं. बरोबर. आता पुढचं मी विचारते.”

काका उठले. मावशींच्या शेजारच्या स्टुलावर जाऊन बसले, शाळेत जागा बदलायला लावलेल्या पोरासारखे. ती बसली. या खुर्चीत ती कधीच बसली नव्हती. लाकूड बाबांच्या पाठीच्या आकाराचं झालं होतं आणि तिच्या पाठीला कुठेच लागत नव्हतं.

“आडात एक वस्तू वर यायची तर काय व्हावं लागतं?”

काका टेबलावरचा डाग नखानं खरवडू लागले.

“मामा, तुम्ही सांगा.”

“तेवढंच वजन खाली जावं लागतं,” मामा म्हणाले. “दोर कप्पीवरून जातो. एक वर, एक खाली. लिफ्टचं असतं तसंच.”

“एक माणूस वर काढायचाय. खाली कोण जातंय?”

तिला वाटलं होतं, इथे थांबतील. पण मामांनी मूठ उघडली आणि फासा टेबलावर ठेवला.

“मी जातो.”

“तू गप्प बैस,” मावशी म्हणाल्या.

“का गप्प बसू? माझा माणूस म्हातारा झालाय. घोडा नाही, भाऊ नाही. मी जातो खाली. तो येऊ दे.” मामांचं नाक लाल झालं होतं. “बस चालवताना दिवसभर आरशात मागची माणसं बघायचो. त्यातलं एकही माझ्याशी बोलायचं नाही. रविवारी मला कोणीतरी विचारायचं, काय करता. बस्स. तेवढ्यासाठी मी जातो.”

तिचा राग एक क्षण जागा चुकला. मग दुपटीनं परत आला, आता मामांवरही, आणि त्या माणसावरही ज्यानं परक्यांना हा प्रश्न वर्षानुवर्षं विचारला होता.

“नाही,” काका अचानक ओरडले. “कोणी जायचं नाही! मी दोरकापा आहे, मी काहीतरी युक्ती करेन. वजन लावू, दगड बांधू. त्यानं मला बाहेर काढला होता, कळतंय का तुला? माझं छातीचं दुखणं, आत हवा नाही, मी त्याला आईबहिणीवरून बोलत होतो आणि तो हसत होता दाराबाहेर. हात धरून ओढून काढला मला. आणि मी त्याला खाली ठेवू?”

“काका.” तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. “तुम्ही अडकला होतात. बाबा अडकलेले नाहीत. ते गेलेत.”

मावशींनी रुमाल खाली घेतला.

“तुम्हाला रविवार हवाय. घ्या. दलाल घ्या, आरसे घ्या, त्या विधवेला घ्या, मला त्यातलं काही नकोय. पण त्यांना तिथे बोलतं ठेवायचं नाही. मी इथे एका घरात त्यांच्याबरोबर राहत होते. माझ्यासाठी ते इतके गप्प होते, आणि आता मेल्यावर तुमच्या तोंडून दर आठवड्याला बडबडणार? माझ्या बापाला मरू द्या.”

पाण्याच्या टाकीचा पंप कुठेतरी सुरू झाला आणि बंद झाला.

“दोर ताणलाय, असं म्हणालात,” ती म्हणाली. “आता पुढे सांगा. त्यांच्या आवाजात नाही. तुमच्या.”

काकांनी घसा खाकरला. त्यांचा स्वतःचा आवाज बारीक होता, काउंटरपलीकडून ‘रिकाम्या पोटी घ्या’ सांगणारा. “दोर…” ते थांबले. मावशींकडे पाहिलं. मावशींनी मान हलवली नाही. “दोर ढिला झालाय.”

“कशानं?”

“खालून गाठ सुटली.”

“सुटली?”

“नाही.” काकांनी दोन्ही तळवे टेबलावर दाबले. “त्यानं सोडली. त्यानं स्वतः सोडली.”

“वर काय आलं?”

“नुसता दोर,” काका म्हणाले, आणि कपाळ हातांवर टेकवून रडू लागले. मावशींनी त्यांच्या पाठीवर दोन थापा मारल्या, जरा जोरातच. “झालं,” त्या म्हणाल्या. “बोललास ना? झालं मग.”

तिला वाटलं होतं, हे ऐकलं की राग उतरेल. उतरला नाही. भाजलेलं पाऊल मात्र आता खरोखर चुरचुरायला लागलं. ती उठून आत गेली, पायावर पाणी ओतलं, ओटा पुसला आणि उरलेला चहा चार कपांत सारखा केला. तो सगळ्यांनी प्यायला. मामांनी कपही विसळून ठेवले.

टेबल काका नेणार, हे आधीच ठरलं होतं. लिफ्टच्या दारातून ते जाईना, म्हणून जिन्यानं न्यायचं झालं. तिघांनी ते उलटं केलं, पाय वर. पण तिघांना पेलेना, एक कोपरा सारखा खाली झुकायचा. ती हात कोरडे करत बाहेर आली आणि तिनं तो धरला.

“सावकाश,” पुढून काका म्हणाले, त्या बारीक आवाजात. “पायरी आहे.”

“दिसतेय मला पायरी,” ती म्हणाली. “तुम्ही समोर बघा.”

दोन मजले खाली वळणावर एक माणूस बाजार करून वर येत होता. हे चौघं येताना पाहून तो अंत्ययात्रेला वाट द्यावी तसा भिंतीला लागून उभा राहिला आणि त्यानं हातातली पिशवी खाली ठेवली. ते त्याच्यासमोरून गेले, पुढचं वळण उतरले. तरी त्यानं पिशवी उचलली नव्हती.