शुक्रीच्या दारातला उतार

मी एक जुना लाकडी उतार आहे. तलासरीकडच्या एका पाड्यावर, एका घराच्या तीन पायऱ्यांवर मी तिरपा टेकून असतो. चाकाची खुर्ची माझ्यावरून अंगणात येते आणि माझ्यावरूनच घरात जाते. साहेबलोक मला रॅम्प म्हणतात. शुक्री मला फळी म्हणते. तिनं दिलेलं नाव मला जास्त आवडतं.

मित्रांनो, आधीच कबूल करतो. मी भित्रा आहे. चांगला जाडजूड सागाचा आहे, तरी भित्रा आहे. तुम्ही कानांनी ऐकता, मी पाठीनं ऐकतो. माझं एक टोक उंबरठ्यावर असतं आणि दुसरं मातीत. आमच्या भागात अधूनमधून जमीन हलते. आधी खालून दणका येतो, कोणी विहिरीत सुरुंग उडवावा तसा, आणि मग भांडी वाजू लागतात. तो दणका माणसांच्या आधी मला कळतो. पण मला ओरडता येत नाही. ज्याला आधी कळतं आणि बोलता येत नाही, त्याची भीती काय असते ते आज सांगायला बसलो आहे. चित्त देऊन ऐका.

पूर्वी मी दार होतो. शुक्रीचे वडील काकड्याबाबा सुतारकाम करतात. त्यांचं जुनं घर कुडाचं होतं, कारवीच्या काड्यांवर शेणमाती लिंपलेलं. त्या घराचं मी दार. जोतं वीतभर उंच. लहानपणी तापात शुक्रीच्या कमरेखालचं बळ गेलं, जाणीवही गेली, पण त्या घरात ती हातांवर सरकत हवं तेव्हा आतबाहेर करायची. मग विटांचं पक्कं घर झालं. वर पत्रे, पुढे लोखंडी दार आणि दारापुढे उंचच उंच तीन पायऱ्या. सगळा पाडा म्हणाला, घर झकास झालं. पण शुक्री? त्यानंतर ती बाहेर दिसली तर बापाच्या पाठीवरच दिसली. आणि मी? मी परसात पावसात भिजत पडलो. माझ्यावर कोंबड्या बसायच्या.

एके दिवशी तीन माणसं आली. सोबती दिव्यांग हक्क मंडळाची. यांना पगार नाही, यांची कचेरी नाही. ज्याच्या ओट्यावर जागा असेल तिथं सभा. अध्यक्ष नितीनसर. शाळेत संगीत शिकवून निवृत्त झालेले, जन्मापासून अंध. डहाणूच्या बाजूला कुठं हरिनाम सप्ताह असला की कीर्तनात पहिला टाळ त्यांचा. सचिव दक्षाबेन, घोलवडच्या चिकूवाडीवाल्या, एका पायात आधाराचा लोखंडी कॅलिपर. आणि प्रविणभाऊ टेम्पोवाले. त्यांचे हातपाय धड आहेत, पण त्यांच्या लेकीला ऐकू येत नाही, म्हणून ते मंडळात.

नितीनसरांची काठी पायऱ्यांवर टकटक वाजली.

"एक, दोन, तीन," सर म्हणाले. "काकड्याबाबा, खुर्ची आम्ही मिळवून देऊ. पण ती या पायऱ्या उतरणार कशी? उडत?"

"मी हाय ना पाठीवर घेवाला."

"तुमची पाठ कुठवर पुरणार?"

 तेवढ्यात आतून शुक्रीचा आवाज आला, "सर, परसात जुना दार पडलाय. त्याचा काय होतंय का बघा."

मित्रांनो, माझा दुसरा जन्म असा तिच्या तोंडून झाला. काकड्याबाबांनी दोन दिवस खपून माझ्या पोटाला तीन आडव्या पट्ट्या ठोकल्या, चाकं घसरू नयेत म्हणून पाठीवर काथ्या बसवला. खिळे आत जाताना दुखलं, खोटं कशाला सांगू? मग खुर्ची आली. पहिल्यांदा उतरताना शुक्रीनं डोळे गच्च मिटले होते. चाकं मातीला लागली तशी तिनं डोळे उघडले आणि समोरच्या कोंबडीला म्हणाली, "आता बघते तुझ्याकडं! रोज माझ्या दारात घाण करतेस!" काकड्याबाबा तोंड फिरवून डोळे पुसत होते.

पुढे शुक्रीलाच मंडळात घेतलं. मंडळाची एक रीत होती. सरांना दिसत नाही, म्हणून सभेला येणाऱ्यानं मोठ्यानं सांगायचं, "मी दक्षा, आले." जाताना सांगायचं, "मी दक्षा, निघाले." सभा सुरू करण्यापूर्वी सर एकेक नाव घ्यायचे आणि ज्यानं त्यानं ओ द्यायची. शुक्री आधी पुटपुटायची. सर म्हणायचे, "मोठ्यानं बोल गं. तू आहेस हे निदान तुला तरी ऐकू येऊ दे."

माझ्या आयुष्यातला सोन्याचा दिवस म्हणाल तर सरावलीच्या देवळातला सप्ताह. टेम्पोत मी उभा, माझ्या शेजारी खुर्चीत शुक्री. तोवर तिनं कीर्तन ऐकलं होतं ते चपलांच्या ढिगाशेजारी बसून. त्या दिवशी ती माझ्यावरून सरळ मंडपात गेली. बुवा निरूपणात म्हणाले, "देवाला शोधायला वर बघू नका, माउली. तो देव्हाऱ्यात बसून राहणारा नव्हे. भक्ताचं ओझं जड झालं की तो खाली शिरतो आणि मुकाट्यानं खांदा लावतो." टाळांचा नाद माझ्या लाकडात भरला. जमिनीतून असाही नाद येऊ शकतो, ज्याची भीती वाटत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

पण सोन्याचे दिवस थोडेच टिकतात. पावसाळे आले, गेले. माझ्या मधल्या पट्टीला वाळवी लागली. काकड्याबाबांच्या ते ध्यानात आलं नाही. सुताराच्या घरचा पाट डुगडुगता! शुक्रीनं तीन सभांत सांगितलं, "फळीची मधली पट्टी बदला." तीन वेळा उत्तर मिळालं, "पुढच्या सभेत घेऊ."

आणि जमीन हलायची. दणका आला की शुक्री खाटेवरून खुर्चीत अंग टाकायची आणि मोठ्यानं आकडे मोजत निघायची. दारापर्यंत पाच, माझ्यावरून चार, नवाला अंगणात. तिनं हे इतक्या वेळा केलं होतं की झोपेतही तिचे हात चाकं फिरवल्यासारखे हलायचे. विटांच्या भिंतीखाली एकटं सापडायचं, एवढ्या एकाच गोष्टीची तिला धडकी होती. आणि मला धडकी कशाची? मी नसेन तर तिचं काय होईल, याची.

मग तो दिवस आला. तलासरीला एका सभागृहात मोठे साहेब येणार होते. विषय होता, भूकंपात दिव्यांगांनी घराबाहेर कसं पडायचं. सकाळीच टेम्पो दारात उभा राहिला.

"साहेबांना कागद दाखवून कंई होत नाही," दक्षाबेन म्हणाल्या. "वस्तू दाखवायची. ही फळी बघितली ना, की समजेल त्यांना."

"मी पण येते," शुक्री म्हणाली.

प्रविणभाऊ डोकं खाजवत म्हणाले, "टेम्पोत निम्मा माल भरलाय गं. फळी टाकली की खुर्ची मावत नाही. दोन तासांत परत आणून टाकतो."

"आणि मधेच हललं तर? बाबा पण बोर्डीला कामाला गेलाय."

"आज भूकंपाला सुट्टी दिलीय. साहेब येणार आहेत ना!"

सगळे हसले. शुक्रीही थोडी हसली. मला उचललं. मी सगळ्या ताकदीनं ओरडलो, "नका नेऊ!" पण लाकडाचा आवाज तो केवढा? नुसती एक पट्टी करकरली. "जुनी झालीय," प्रविणभाऊ म्हणाले. टेम्पो वळला तेव्हा दारात शुक्री दिसत होती. तिच्या पायांपुढे तीन पायऱ्या, मोकळ्या.

सभागृहात नेहमीच्या रीतीनं नावं झाली. दक्षाबेननी ओ दिली, प्रविणभाऊंनी दिली. "शुक्री?" सरांनी विचारलं. कोणी बोललं नाही. दक्षाबेननी सभेच्या वहीत लिहिलं : शुक्री, गैरहजर, कारण कळवले नाही. लिहिताना त्यांचा हात जराही अडखळला नाही, मित्रांनो. अपंगांच्या हक्कासाठी जिवाचं रान करणारी ही माणसं, आणि मी समोर भिंतीला टेकून उभा!

मग मला मंचाच्या पायऱ्यांवर टाकलं. दवाखान्यातून खुर्ची मागून आणली होती. तिच्यात बसले कोण, तर दोन्ही पाय धड असलेले प्रविणभाऊ. वर गेले, खाली आले. साहेब म्हणाले, "वा, सुंदर सोय आहे!" टाळ्या पडल्या. टाळ्यांच्या मधेच माझ्या पाठीला तो लागला.

दणका.

पंखे झोके घेऊ लागले, खिडकीची काच फुटली. प्रविणभाऊ खुर्चीतून उडी मारून उठले, त्यांनी सरांचा हात धरला, दुसऱ्या हातानं दक्षाबेनना ओढलं. क्षणात सभागृह रिकामं. आत राहिलो मी आणि उलटलेली खुर्ची. उघड्या दारातून मैदानातला सरांचा आवाज ऐकू आला.

"नावं सांगा! एकेकानं!"

"मी दक्षा, आहे!"

"मी प्रविण, आहे!"

"शुक्री?"

कोणी बोललं नाही.

"शुक्री कुठं आहे?"

"ती... घरी आहे, सर."

"आणि तिची फळी?"

 मग धावत येणारी पावलं ऐकू आली. प्रविणभाऊंनी मला एकट्यानं उचललं. एरवी मला दोन माणसं लागतात.

टेम्पोतल्या त्या वाटेबद्दल काय सांगू? दक्षाबेन सारखा फोन लावत होत्या, तो लागत नव्हता. प्रविणभाऊ नुसते "अरे देवा, अरे देवा" करत होते. सरांनी एक हात माझ्या पाठीवर ठेवला होता आणि ते हलक्या आवाजात नामस्मरण करत होते.  मी मनात आकडे मोजत होतो. दारापर्यंत पाच. पुढे? पुढे मी नाही.

पाड्यावर शुकशुकाट होता. धडधाकट माणसं गवतकापणीला गेलेली. घराचे पत्रे एका बाजूला लोंबत होते, दारावरच्या विटा पायऱ्यांवर सांडल्या होत्या. टेम्पो थांबला तसे सर अंदाजानं पुढे धावले आणि ओरडले, "शुक्री!"

त्या वेळी जी शांतता पसरली, तिच्याएवढी भीती मला दणक्याचीही वाटली नव्हती.

मग आवाज आला. बारीक, पण स्पष्ट.

"मी शुक्री. आहे. दारात आहे."

सवयीनं तिचा घात केला होता. पाच मोजून ती दाराशी आली आणि सहाव्याला तिच्या हातांनी चाकं पुढे ढकलली. पुढची दोन्ही लहान चाकं उंबरठ्याबाहेर घसरून अधांतरी राहिली, खुर्ची पोटावर अडकली. तिनं दोन्ही हातांनी चौकट धरून ठेवली होती. तिच्या मागे विटा पडलेल्या, पुढे खोल. किती वेळ धरली होती, ते तिला ठाऊक आणि देवाला.

"हलू नको!" प्रविणभाऊंनी हातांनी विटा लोटल्या, मला पायऱ्यांवर टाकलं आणि वर चढून खुर्ची पुढून धरली. चाकं माझ्यावर टेकली. एक वीत उतरली असतील, तोच पुन्हा खालून दणका आला. लहानसाच. पण माझी वाळवी लागलेली मधली पट्टी कडकन मोडली. मी मधोमध वाकलो. मला वाटलं, संपलं. जिच्यासाठी मला केलं, तिलाच मी पाडणार.

मी पडलो नाही. माझ्या पोटाखाली काहीतरी आलं होतं, ऊबदार आणि हाडाचं. पट्टी मोडल्याचा आवाज सरांनी ऐकला होता. विटांच्या ढिगात गुडघ्यांवर बसून त्यांनी माझ्याखाली खांदा घातला होता. तोंडानं एक शब्द नाही. सरावलीच्या बुवांचं निरूपण मी तेव्हा पाठीनं ऐकलं होतं. आता पोटानं समजलो.

शुक्री अंगणात आली. दक्षाबेन तिच्या गळ्यात पडायला वाकल्या आणि किंचाळल्या. शुक्रीचा पाय विटेनं फाटला होता, पावलावर रक्त साकळलं होतं. तिला त्या पायाची जाणीवच नाही. तिनं खाली पाहिलं आणि म्हणाली, "हे कधी झालं?" तेव्हा सगळेच रडले.

जखम महिन्यानं भरली. पुढची सभा शुक्रीच्याच अंगणात झाली. सरांनी नावं घेतली, सगळ्यांनी ओ दिली. मग दक्षाबेननी वही उघडून मागच्या सभेचं पान वाचलं. 'शुक्री, गैरहजर, कारण कळवले नाही' इथं त्या थांबल्या.

"खोडते मी हे," त्या म्हणाल्या.

"खोडू नका, बेन," शुक्री म्हणाली. "त्याच्याखाली लिहा. शुक्री घरी हजर होती. मंडळ गैरहजर होतं."

दक्षाबेननी सरांकडं पाहिलं. सर म्हणाले, "ती सांगते तसंच लिही." तिघांनी खाली सह्या केल्या. सरांनी अंगठ्यानं जागा चाचपून केली.

त्याच दिवशी काकड्याबाबांनी माझ्या तिन्ही पट्ट्या नव्या ठोकल्या आणि माझं वरचं टोक दोन बिजागऱ्यांनी उंबरठ्याला कायमचं जखडून टाकलं. मला कुठं दाखवायला न्यायचं असेल, तर आता अख्खं घर उचलावं लागेल. ज्या साहेबांना बघायचं असेल, त्यांनी पाड्यावर यावं.

मित्रांनो, मी अजून भितो. अजून जमीन गुरगुरते आणि माझं लाकूड आखडतं. तुम्ही मोठे व्हाल, कोणाच्या तरी भल्याची कामं कराल. जरूर करा, देव तुमच्या पाठीशी राहील. पण ज्याच्यासाठी काम करता, त्याच्याच दारातली फळी हातात घेऊन निघाला नाहीत ना, एवढं वळून बघा. आणि कोणी तीनदा सांगितलं की पट्टी कुजली आहे, तर पुढच्या सभेची वाट बघू नका.

आता थांबतो. आत भांडी वाजली. शुक्री मोजू लागली आहे. एक, दोन, तीन, चार, पाच.

ये गं. मी आहे.