एक ते शंभर, भावनेसह

माझा धाकटा भाऊ पियूष तीन वर्षं एका मराठी मालिकेचा नायक आहे, आणि या तीन वर्षांत त्याने कॅमेऱ्यासमोर मराठीचं एकही वाक्य उच्चारलेलं नाही. जबलपूरला वाढलेल्या आमच्या पिढीतल्या बऱ्याच जणांसारखंच त्याचं आहे. मराठी सगळी कळते, बोलायला गेलं की हिंदी निघते. निर्मात्यांना त्याचा चेहरा पसंत पडला, जीभ नाही. आवाज पुण्याचा सुमेध देतो. पाठ केलेल्या संवादांत पियूष अडखळायचा, म्हणून दिग्दर्शकाने त्याला सांगितलं, "तू नुसते आकडे म्हण. भाव चेहऱ्यावर ठेव."

तेव्हापासून तो आकडे म्हणतो. यालाही नियम आहेत. संवादात ओठ मिटणारं अक्षर आलं की ओठ मिटणारा आकडा लागतो. 'बाबा'ला बावीस, 'परत ये'ला पंधरा. अडचण 'म'ची. एक ते नव्व्याण्णवात 'म' कुठेच नाही. मी दोनदा तपासलं. शंभर म्हणताना मात्र ओठ तसेच मिटतात. त्यामुळे 'मी' म्हणायचं असलं की पियूष 'शंभर' म्हणतो.

मालिका सुरू व्हायच्या आदल्या वर्षी काचबिंदूने आईचे डोळे गेले. आता ती माणसं कानाने ओळखते. पहिला भाग लागला तेव्हा तिने विचारलं, "हा कोण बोलून राहिला?"

"पियूष आहे, आई."

"माझ्या पोराचा आवाज मला माहीत नाही काय? काहून खोटं बोलतेस?"

आवाज दुसऱ्याचा असतो, हे मी समजावलं.

"मग पियूष काय करतो तिथे?"

"तोंड हलवतो. चेहऱ्यावर..."

"तोंड तर म्हैसही हलवते."

घराजवळच्या अधारतालच्या बाजारात लोक थांबवून तिचं अभिनंदन करत. ती म्हणे, "तो दुसरा आहे जी." आणि दर रविवारी फोनवर पियूषला विचारे, "बेटा, टीव्हीत काम कधी लागन?" त्याला पुरस्कार मिळाला त्या रविवारीही तिने हेच विचारलं. तेव्हा तो मला म्हणाला, "दीदी, मम्मीला एक बार तरी कळेल का, मी काम करतो ते?"

गेल्या डिसेंबरात जबलपुरातल्याच नेपियर टाउनमधल्या आमच्या मराठी मंडळाने त्याचा सत्कार ठरवला. अध्यक्ष गणपतरावांची अट एकच, भाषण शुद्ध मराठीत. पियूष सुमेधलाच सोबत घेऊन आला. सुमेध पडद्यामागून माइकवर बोलणार आणि पियूष समोर तोंड हलवणार, असं ठरलं.

सुमेध दारातच म्हणाला, "नमस्कार, आई."

"अगंबाई, हा तर तो सिरीयलवाला!" आईने पहिली गरम पोळी त्याला वाढायला लावली. "बायकोला माहेरी काहून धाडलं रे? भली पोरगी होती."

सुमेधने पियूषकडे पाहिलं. "ते... लेखकाने धाडलं."

"लेखकाचं काहून ऐकतो? पियूष, याच्याजवळ बस. शीक काही."

पियूष त्याच्याजवळ बसला.

संध्याकाळी सभागृह भरलं होतं. आई पहिल्या रांगेत होती. पडद्यामागून "रसिकहो" असा आवाज आला आणि पियूषचे ओठ बिनचूक हलले. आई माझ्याकडे वळून मोठ्याने म्हणाली, "किती छान बोलतो हा! आपला पियूष कुठे बसला?"

पियूषचे ओठ थांबले. आवाज दोन वाक्यं पुढे गेला, मग तोही थांबला. पियूष मंचावरून उतरला, आईसमोर गुडघे टेकून बसला आणि त्याने पुरस्कार मिळालेला प्रसंग सुरू केला. त्यात मुलगा मरणाऱ्या बापाची क्षमा मागतो.

"बावीस," तो म्हणाला. "बावीस, शंभर तेरा."

मागे कोणीतरी हसलं.

"बासष्ट!" त्याचा आवाज फाटला. हसणारा गप्प झाला. "पंधरा, बावीस. उन्यासी..."

"एकोणऐंशी," आई म्हणाली.

"एकोणऐंशी," त्याने हुंदका दिला आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. "शंभर. शंभर. शंभर."

गणपतरावांनी चष्मा काढून पुसला. आईने चाचपडत पियूषचा चेहरा धरला.

"बेटा, काय झालं? कोणी काही म्हटलं काय?"

"नाही मम्मी. ॲक्टिंग करून राहिलो."

"म्हणजे खोटं?"

"हो."

"सगळं?"

"सगळं."

तिने ओली बोटं एकमेकांवर घासून पाहिली. "मग हे पाणी कुठून आणलं?"

"तेच तर काम आहे, मम्मी."

"असं तू रोज करतो तिथे?"

"रोज."

"आणि तो पुण्याचा वरून बोलतो?"

"हो."

"एवढ्या चांगल्या कामात लोक मधात काहून बोलतात?" आई म्हणाली. पडद्यामागे सुमेध खोकला.

सोमवारी साडेसातला मी नेहमीप्रमाणे मालिका लावली.

"आवाज बंद कर," आई म्हणाली. "पियूषचं काम चालू आहे."

मी आवाज बंद केला. ती टीव्हीकडे तोंड करून ताठ बसली. थोड्या वेळाने तिने विचारलं, "आता काय म्हणून राहिला?"

नुसत्या ओठांवरून पंचवीस आणि पंचावन्न वेगळे काढणं कठीण असतं. त्याचा चेहरा पाहून मी पंचावन्न सांगितलं.

"अरे देवा," आई म्हणाली आणि तिने पदर डोळ्यांना लावला.