बॉनेटवरचं घुमट

दोऱ्याला टांगलेली तबकडी वाऱ्यानं हलली आणि उन्हाचा एक तुकडा तनयाच्या डोळ्यांवरून निसटून मिरचीच्या पानांवर गेला, विहिरीच्या कठड्यावर क्षणभर थबकला – आणि परत आला. तबकडीवरचं छापील नाव उडून गेलं होतं. ‘लाल धूळ’मधला फक्त ळ उरला होता, तोही अर्धा.

कॉलेज संपता संपता तिच्यासह चौघांनी काढलेला बँड, आणि त्याचा हा एकुलता एक अल्बम. गाणी नेटवर चढवायच्या आधीच कुणाचं नाव पहिलं यावं यावरून भांडण झालं, गिटारवाला सर्वेश बोटीवरच्या नोकरीला गेला, मूळ ध्वनिमुद्रणं ज्या संगणकात होती तो पावसाळ्यात बंद पडला. आणि न खपलेल्या सीड्या बाबांनी परसात पोपटांना भिववायला टांगल्या. आता खरी कामाक लागली तुमची गाणी, असं म्हणाले होते ते. शब्द आठवतात… आवाज नाही.

तेच तर होतं. गणपतीनंतर बाबा गेले, आणि तेव्हापासून त्यांची कुठलीही आठवण काढली तरी ती इस्पितळातल्या आवाजात बोलायची – ऑक्सिजनच्या मुखवट्याआडून, दोन शब्दांमागे एक धाप घेत. ती लहान असताना पेडण्याच्या बाजारात तिला हाक मारणारे बाबासुद्धा धापा टाकत हाक मारायचे. मोबाइलमध्ये लग्नांचे, चवथीचे कितीतरी व्हिडिओ, पण ते काढणारे नेहमी बाबाच. आणि काढताना श्वासही रोखून धरायची त्यांची सवय. माणूस असा स्वतःला पुसत जातो, आणि घरात कुणाच्या लक्षातही येत नाही…

शेवटच्या गाण्यात मात्र त्यांनी घुमट, मातीच्या घड्यावर कातडं ताणलेलं ते वाद्य, वाजवलं होतं. वाजवता वाजवता थांबून काहीतरी बोलले होते. ते गाणं जुळवताना सर्वेशनं ठेवलं की कापलं, हे तिला काही केल्या आठवेना, आणि विचारायचं धाडसही होईना. कापलं असेल तर? त्यापेक्षा न विचारलेलं बरं, असं करत तिनं आजवर ढकललं होतं. आज हात आपसूक गाठीकडे गेला.

“आगो, ती कित्याक काढतस?” वाफ्यातून आई म्हणाली. “पोपट एक मिरची ठेवचे नाय.”

“लावतंय परत.”

“लावतलंस! तुझो बापूस पण असोच म्हणी.”

अंगणात बाबांची जुनी जीप उभी होती. बँडचे ढोल, स्पीकर आणि चार पोरं कोंबून ते हिच्यातून म्हापशाला नेत. तिनं आत बसून तबकडी ओढणीच्या टोकानं पुसली, गाडीतल्या प्लेअरच्या खाचेत सारली. घरघर… काही नाही. मग एकदम तिचाच आवाज – खाणीवर, धुळीवर, सगळ्या जगावर रागावलेला, आणि मधेच अडखळून पुढच्याच ओळीवर उडी मारणारा. किती ओरडत होते मी, तिला वाटलं. एवढा श्वास होता माझ्याकडे, आणि त्याचं काहीच वाटत नव्हतं. गाणी अर्धीमुर्धी सरकत गेली. एक तर आलंच नाही. ती स्टिअरिंगला धरून बसली, चढणीवर गाडी थांबली असल्यासारखी.

मग घुमट. मातीच्या पोटातून आलेला तो ओला, घट्ट ठोका… ध्वनिमुद्रणाच्या त्या दिवशी बाबा आदल्या क्षणापर्यंत बाहेर होते, याच गाडीच्या तापल्या बॉनेटवर घुमट कातड्याच्या बाजूनं पालथं घालून. कातडं तापलं की ताण चढतो. पण आत स्टुडिओत एसी. चार ओळींतच ठोका खाली खाली बसायला लागला, आणि तिनं डोळे मिटले, कारण कापलं असेल तर इथंच कापलं असणार –

“रावा रे, रावा! घुमट उतरलां. हय थंडी काय मेली, आमी माणसां काय बांगडे? बॉनेटार ठेवन हाडतंय, तवसर तुमी चा घेवा!”

एका दमात. मागे सर्वेशचं खिदळणं, दार आपटल्याचा आवाज. एवढं सगळं वाक्य – आणि मधे कुठेही धाप नाही.

गाडीच्या दाराशी आई कधी येऊन उभी राहिली कळलं नाही. हातात मिरच्यांची टोपली. तिची नजर प्लेअरच्या काळ्या फटीवर होती.

“दुसऱ्यांका चा घेवक सांगता,” ती म्हणाली, “आणि आपली थंड करता.” आणि वाफ्याकडे वळली. “हुश्श! हुश्श! इले मेले.”

गाणं पुढं चालू होतं. घुमट परत आलं होतं, तापून, घट्ट. तनयानं मागचं पुन्हा ऐकायला बटणाकडे बोट नेलं आणि तसंच ठेवलं. मनात नुसतं ‘बाबा’ म्हणून पाहिलं… मुखवट्याआडचा तो आवाज आलाच, गेला कुठं होता. पण त्याच्या पाठोपाठ, त्याला बाजूला सारत, दुसरा – थंडीवर चिडलेला.

ती खाली उतरली. बॉनेटवर हात ठेवला. ऊन कधीचं तिथं आलं होतं, आणि पत्रा चांगलाच तापला होता. तिनं हात उचलला नाही. काही आठवायचा प्रयत्नही केला नाही – आणि हे बऱ्याच वेळानं तिच्या लक्षात आलं.