सत्तावीस माझं

प्रमोदिनीची कादंबरी पुण्याच्या दिवाळी अंकाला आजच्या टपालाने जायची होती, आणि अजून एकही माणूस ती वाचून घाबरला नव्हता.

घाबरावं म्हणून तर लिहिली होती. पुढच्या शतकातलं एक शहर. तिथे सगळं यंत्र ठरवतं: कोणी कुठे राहायचं, काय खायचं, कोणाशी किती बोलायचं. माणसांना नावं नाहीत, नुसते नंबर. बसवनगुडीच्या मैत्रिणीने, कल्पनाने, बाड वाचून परत केलं आणि विचारलं, "तिथे ऑटोवाले मीटरने येतात, हे खरं धरायचं ना?"

नवऱ्याची, पद्मनाभची, तऱ्हा त्याहून वरची. जयनगरच्या कानडी वस्तीतल्या घरात दुपारचे दिवे गेले होते, मोरीत नळ कोरडा खाकरत होता आणि तो बाड पुठ्ठ्यासारखं हलवून वारा घेत होता.

"रोज सहाला पाणी? अगं, प्लॉट मिळतो का तिथे?"

"अहो, तिथे माणूस माणसाला विचारत नाही!"

"शेजारीण विरजण मागायला येत नाही. किती छान."

"त्याचंच दुःख आहे!"

"तू दुःख फार नीटनेटकं लिहिलंयस. राहावंसं वाटतं."

आतल्या खोलीत पद्मनाभची बहीण अलका बाळंतपणाला आलेली. बारसं परवावर, आणि बाळाच्या नावावरून सासर-माहेरची रोज फोनवर जुंपलेली. बाळ सकाळपासून रडत होतं. जरा थांबे, दम घेई, पुन्हा सुरू.

"वहिनी, मला त्यांचं नंबराचं आवडलं," अलका पाळणा हलवत म्हणाली. "बाळाच्या आत्याबाई रुसणार नाहीत, की काही नाही."

प्रमोदिनी दारातच बसली. रागाने तिच्या बांगड्यासुद्धा वाजत होत्या.

"तू पाचवं प्रकरण वाचलंस का? आई बाळाला निजवायला जाते. ओवी ओठांवर येते, पण बाळाला नाव नाही, नंबर आहे. नंबर काही ओवीत बसत नाही. ओवी अर्ध्यावर तुटते. त्या रात्री शहरातल्या साऱ्या आया रस्त्यावर येतात. बंड होतं! नंबर गाता येत नाही म्हणून होतं. सगळी कादंबरी त्या एका ओवीवर उभी आहे."

"कुठला नंबर?"

"सत्तावीस."

"बसत नाही?" अलकाने मान वाकडी केली. "बसेल की हो. स्वल्प अड्जस्ट करायचं." आणि जात्याच्या घरघरीसारख्या मऊ, भरड आवाजात तिने सुरू केलं:

*अंगणात ऊन*
*पाखरू शिणलं*
*सत्तावीस माझं*
*झोपी गेलं*

प्रमोदिनीची बोटं आपोआप पेरांवर फिरली. आजोळच्या बायांकडून कानात पडलेली चाल. त्या बायांनी तिला हातावर अक्षरं मोजायला शिकवलं होतं. एकही अक्षर जास्त नाही, कमी नाही. 'सत्तावीस' तिथे असं येऊन बसलं होतं, जणू त्याच्यासाठीच पाट मांडून ठेवला होता.

"थांब," ती म्हणाली. "अलका, थांब. असं नको गाऊस."

अलकाने ओठांवर बोट ठेवलं आणि पुन्हा म्हटलं, आणखी हळू, आणखी मायेने. *सत्तावीस माझं.* बाळाची मूठ उघडली. पापण्या जड झाल्या. सकाळपासून कोणत्याच नावाला न बधलेलं ते पोर नंबराला निजलं.

प्रमोदिनीच्या अंगावर सर्रकन काटा आला.

"ऐकलंत का तुम्ही?" ती ओरडली. "ऐकलंत?"

"श्श!" भाऊबहीण एकदम म्हणाले.

अलका भिंतीला टेकून हसली. "बघा वहिनी, नावावाचून काही अडतं का?"

प्रमोदिनीने नवऱ्याच्या हातून बाड ओढून घेतलं. पाचव्या प्रकरणापासून पुढची पानं तिने एकेक करून आडवी खोडली. आया रस्त्यावर येतात, खोडलं. यंत्राचा दरवाजा फोडतात, खोडलं. पेन कागदात रुतत होतं.

पद्मनाभ घाबरला तो आता. "अगं, हे काय करतेस? पोस्ट चारला बंद होईल!"

"बंड होत नाही तिथे," ती कुजबुजली.

"मग शेवट काय?"

"आई गाते. बाळ झोपतं."

पद्मनाभचा चेहरा उजळला. "सरी, बरोबर! हा खरा गोड शेवट. आधीचा मला जरा भडकच वाटत होता."

प्रमोदिनीने त्याच्याकडे बघितलं. ओठांवर आलेली शिवी तिने गिळली, नाहीतर बाळ उठलं असतं.