विड्याचा कागद

रत्नव्वाचा कुणावर म्हणून विश्वास नव्हता. भाजीवालीनं तागडी उचलली की ही ती रिकामी करून पुन्हा उचलायला लावायची. दूधवाल्याच्या मापाला पोचा तर पडलेला नाही ना, ते बोट फिरवून बघायची. आणि भट्टीला तांदळाचं पोतं आलं की त्याच्या तोंडाशी बांधलेली व्यापाऱ्याची शिक्क्याची चिठ्ठी सोडवून खुंटीवरच्या तारेत ओवून ठेवायची. लिहायवाचायला येत नव्हतं, पण उद्या व्यापाऱ्यानं दोन पोती जास्तीची सांगितली तर त्याच्या तोंडावर टाकायला काहीतरी हवं. अकरा वर्षांत त्या तारेला काजळीनं काळाठिक्कर पडलेला गठ्ठा लोंबायला लागला होता. रत्नव्वा वर गेली तर यमाकडं सुद्धा चिठ्ठी मागेल, असं गल्ली म्हणायची, आणि तिला ते ऐकून बरंच वाटायचं.

नवरा शिवानंद याच्या अगदी उलट. गोड बोललं की झालं, माणूस आपला. नवराबायको सीमेकडच्या खेड्यातून कोल्हापुरात आले, शुक्रवार पेठेत दोन खोल्या भाड्यानं घेतल्या, मागच्या पडवीत चिरमुऱ्याची भट्टी घातली आणि त्या भट्टीवर पोट भरू लागले. अकरा वर्षांत कुणाचा एक पैसा थकवला नाही.

ही गोष्ट १९५३ सालची. जत्रेचे दिवस जवळ आले होते. शिवानंद कढईतली तापलेली वाळू हलवत होता, रत्नव्वा चाळणीत चिरमुरे झाडत होती, आणि घरमालक दारात उभा राहिला. तो पुण्याला लेकाकडं कायमचा निघाला होता. घर विकायचं होतं. बावीसशे रुपये.

"पहिला मान तुमचा," तो म्हणाला. "पंधरा दिवस थांबतो. न्हाय जमलं तर वखारवाला तयार हाय. पण त्याला भट्टी नको. मोकळं घर पायजे."

भट्टी गेली म्हणजे सगळंच गेलं. धुराची भट्टी कोण भाडेकरूला घालू देतो? जवळ आठशे होते. उरलेले चौदाशे उभे करायला नवराबायको पेठेतल्या सहकारी पतपेढीत गेले.

पतपेढीचे चिटणीस नृसिंह मास्तर हे शाळेतून निवृत्त झालेले, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. त्यांनी पगाराचा दाखला मागितला.

"माझा पगार मीच देतोय की," शिवानंद हसून म्हणाला.

मास्तर हसले नाहीत. "मग उत्पन्नाला दुसरा काही आधार दाखवा. महिन्याला किती पोती भाजता? कुणाकडून घेता? यापूर्वी कर्ज काढलं होतं का?"

"कधीच न्हाय. कुणाम्होरं हात पसरला न्हाय."

"म्हणजे तुम्ही कर्ज फेडता की नाही, हे आम्हाला कळायला मार्गच नाही."

घ्या. ज्यानं जन्मात कुणाचं बुडवलं नाही, त्याचीच पत नाही. कचेरीत कारकुनी करणारा माणूस दोन ठिकाणी कर्ज थकवून तिसरीकडं जाईल, त्याच्या हातात पगाराचा चिटोरा असतो. घाम गाळून पोट भरणाऱ्यानं काय दाखवायचं, हाताचे फोड? मास्तर नियमानं वागत होते, पण रत्नव्वाला त्यांचा संशय आला. एवढं खोदून खोदून विचारणाऱ्या माणसाच्या मनात काहीतरी काळंबेरं असणारच, असं तिनं वाटेतच जाहीर करून टाकलं.

सावकार गणपतरावांनी मात्र काहीच विचारलं नाही. पेठेत ज्यांना कुठं कर्ज मिळत नाही, अशा लोहारशिंप्यांना, टोपल्यावाल्यांना तेच घरासाठी पैसे देत. त्यांनी शिवानंदला तक्क्याशी बसवलं, अंगावर पंचा घातला, रत्नव्वाच्या ओटीत नारळ दिला.

"दाखला कशाला? तुमचा शब्द हाय न्हवं?" ते म्हणाले. "घर तुमच्या नावावर घ्यायचं, त्याच दिवशी माझ्या नावाचा एक कागद करायचा. नुसता कागद. पैसे फिटले की घर परत तुमचं."

मग तबक आलं. पेठेतली ही जुनी चाल होती. सावकारानं विडा द्यायचा, कर्जदारानं तो घ्यायचा. विडा घेतला की शब्द पक्का झाला, आणि मग कागद वाचून दाखवा म्हणणं म्हणजे भरल्या घरात सावकाराला लबाड म्हणणं. बापजाद्यांपासून कुणी तो कागद वाचून घेतला नव्हता. शिवानंदनं विडा तिथंच तोंडात घातला. रत्नव्वानं आपला पदराच्या गाठीला बांधला. संशयानं नव्हे हं. आयुष्यात पहिल्यांदा कुणी तिला एवढ्या मानानं वागवलं होतं. तो विडा खाऊन संपवायचं तिच्या जिवावर आलं.

चार दिवसांनी ती झुंबरबाईकडं केरसुणी आणायला गेली. झुंबरबाई पलीकडच्या बोळात शिंदीच्या केरसुण्या वळायची. नवरा जाऊन सात वर्षं झाली, पण त्यानं गणपतरावांकडून पैसे काढून घेतलेल्या घराचं कर्ज म्हातारी अजून फेडत होती. दर महिन्याला दहा रुपये.

"किती ऱ्हायलं म्हणायचं आता?" रत्नव्वानं सहज विचारलं.

"ते त्यास्नी ठावं बाई. नऊ वर्सं झाली. इचारायचं कसं? आमच्या मालकांनी विडा घेतलाय न्हवं."

रत्नव्वा केरसुणी घेऊन घरी आली, पण तिचं चित्त ठिकाणावर राहिलं नाही. जी बाई पावशेर वांग्याला तागडी दोनदा उचलायला लावते, तिनं घराच्या कागदाला डोळे मिटून हो म्हणावं? तिला स्वतःचीच लाज वाटली.

रजिस्टर कचेरीत दोन्ही कागद तयार होते. पुढं तक्रार नको म्हणून गणपतरावांना बायकोचाही संमतीचा अंगठा हवा होता. कारकुनानं शाईची गादी पुढं सरकवली आणि सवयीनं विचारलं, "मजकूर वाचून दाखवलाय ना?"

"दाखवलाय की," गणपतराव म्हणाले.

"मला न्हाय दावला," रत्नव्वा म्हणाली.

शिवानंदचा चेहरा पडला. "अगं, विडा घेतलाय आपण."

"तुम्ही खाल्लासा. माझा हाय अजून." तिनं पदराची गाठ सोडली आणि वाळून काळा पडलेला विडा टेबलावर ठेवला. "ह्यो तुमचा तुमास्नी परत. आता वाचा."

कारकुनानं गणपतरावांकडं पाहिलं, मग बाईकडं पाहिलं आणि वाचायला सुरुवात केली. घर गणपतरावांना कायमचं खरेदी दिलं आहे. यावर माझा अगर माझ्या वारसांचा हक्क उरला नाही. मी सदर घरात भाडेकरू म्हणून राहीन. पैसे फिटल्यावर घर परत देण्याबद्दल त्यात चकार शब्द नव्हता.

"ते तोंडी ठरलंय," गणपतराव शांतपणे म्हणाले. "माझ्या शब्दावर संशय हाय व्हय तुझा?"

"व्हय," रत्नव्वा म्हणाली. "हाय."

ती उठली. शिवानंद खाली मान घालून तिच्या मागून चालत आला.

त्या दिवसापासून पेठेचं वारं फिरलं. गणपतरावांच्या वळचणीला असलेल्या दुकानांनी चिरमुरे घेणं बंद केलं. शिवानंद बायकोशी बोलेना. त्याचं सगळं दुःख एकच, चार माणसांत मान खाली गेली. मुदतीचे सहा दिवस उरले होते. रत्नव्वा खुंटीसमोर उभी राहिली. पोती कुणाकडून घेता, महिन्याला किती भाजता. मास्तरांचे प्रश्न तिला आता निराळे ऐकू आले. तिनं तार काढली आणि तो काळा गठ्ठा पदराखाली धरून पतपेढीत गेली.

मास्तरांनी चिठ्ठ्या जमिनीवर पसरल्या. तारखा लावता लावता त्यांचे हात, धोतर, चष्मासुद्धा काजळीनं माखला. बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "बाई, हा अकरा वर्षांचा पगाराचा दाखला आहे. आधी का नाही आणलात?"

"तुमचा इश्वास वाटत न्हवता."

यावर मास्तर हसले.

तरी दोन जामीन लागत होते. पेठेत कुणी गणपतरावांचा रोष घ्यायला तयार होईना. शेवटी रत्नव्वानं तांदळाच्या व्यापाऱ्याला निरोप धाडला, तर तो शिवानंदच्याही आधी पतपेढीत हजर. "अकरा वर्सं ह्या बाईनं मला चोर समजलं," तो सही करत म्हणाला, "पर पैसं कधी एक दिवस उशिरा दिलं न्हाईत." दुसरी सही दूधवाल्याची. तो हातातल्या मापासकट आला होता.

घर झालं. नवराबायकोच्या दोघांच्या नावावर झालं. पण रत्नव्वाचा हट्ट असा की पतपेढीचा कागद आणि घराचा कागद, दोन्ही भट्टीच्या दारात, सगळ्या गल्लीला ऐकू जातील असे मास्तरांनी वाचायचे. शिवानंदनं स्वतः पाट मांडला. त्याचा अबोला तेवढ्यानं सुटला. मास्तरांनी व्याज, मुदत, हप्ता, हप्ता चुकला तर काय, सगळं सावकाश वाचलं. रत्नव्वानं दोन ओळी दोनदा वाचून घेतल्या.

माणसं पांगायला लागली, तरी झुंबरबाई पायरीवरच बसून होती. मग तिनं कमरेचं फडकं सोडलं. आत घड्यांवर पिवळा पडलेला एक कागद होता.

"मास्तर, आमचा बी वाचतासा काय? आमच्या मालकांनी वाचून घेतला न्हवता. अजून किती द्यायचं, तेवढं सांगा."

मास्तरांनी चष्मा पुसला आणि वाचायला लागले. खरेदी लिहून देणार, पेठ, घराच्या चतुःसीमा, पूर्वेस बोळ. रत्नव्वा त्यांच्या तोंडाकडं बघत होती. तिसऱ्या ओळीला, 'घर कायमचं खरेदी दिलं आहे' इथं, त्यांचा आवाज खाली आला आणि थांबला.

रत्नव्वानं जाऊन म्हातारीचा हात धरला.

"थांबलासा का?" झुंबरबाई म्हणाली. "वाचा की म्होरं."