सातवा रकाना

परीक्षा विभागाच्या तळमजल्यावर तक्रारींची एक खिडकी होती आणि तिच्यामागे सव्वीस वर्षं एकच बाई बसत होती. सगळे तिला खिडकीबाई म्हणत. साहेब म्हणत, शिपाई म्हणत, विद्यार्थीही म्हणत, फक्त तोंडावर मॅडम म्हणायचे. घरी तिची मुलगी चिडवायची, की रस्त्यात कुणी पत्ता विचारला तरी आई आधी त्याचा सीट नंबर विचारेल. यावर नवरा पोट धरून हसायचा. खिडकीबाईला आताशा हसू यायचं नाही. निवृत्तीला दोन महिने उरले होते आणि अंगातली सगळी ताकद सकाळच्या बसच्या रांगेतच संपून जायची.

खरं सांगायचं तर तक्रार कशी करायची हे या पोरांना कुणी शिकवतच नाही. बिचारी चार-चार पानं लिहून आणतात. आजारी आजीपासून सुरुवात, आणि विषयाचं नाव तिसऱ्या पानावर. काहीजण नुसतं भांडायला येतात, हातात कागद म्हणून नाही. खिडकीबाई प्रत्येकाला तेच सांगायची. बाबा रे, एक तक्रार, एक फॉर्म. सीट नंबर, विषय, तारीख, खोली. काय झालं ते चार ओळींत, काय हवंय ते एका ओळीत. शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय इथून हलायचं नाही. आणि निकालानंतर पंधरा दिवसांच्या आत, सोळाव्या दिवशी इथे कुणी कुणाचं ऐकत नाही. दिवसातून चाळीस वेळा हेच बोलून तिच्या जिभेला घट्टे पडले होते.

त्या दिवशी पंधरावा दिवस होता. दुपारी दोनला तिने डबा उघडला, पहिला घास हातात घेतला आणि खिडकीत एक मुलगी येऊन उभी राहिली. रक्त तपासायच्या लॅबमध्ये सकाळी काम करून शिकणारी, शेवटच्या वर्षाची. सगळ्या विषयांत पास आणि एका विषयापुढे चक्क गैरहजर. दोन आठवडे तिची नुसती टोलवाटोलवी चालली होती. परीक्षा केंद्र म्हणालं कॉलेजात जा, कॉलेज म्हणालं केंद्रात जा, शेवटी एका शिपायाला दया आली आणि त्याने ही खिडकी दाखवली. एका हॉस्पिटलात तिला नोकरी लागली होती. उद्या दुपारी बारापर्यंत पास झाल्याचं गुणपत्रक दाखवायचं, नाहीतर यादीतल्या पुढच्या माणसाला बोलावणार.

पेपर दिला होता, सही केली होती, दोन पुरवण्यासुद्धा घेतल्या होत्या, असं ती पुन्हा पुन्हा सांगत होती. खिडकीबाईने असली शपथेवरची वाक्यं ढिगाने ऐकली होती. त्यातली निम्मी खोटी निघतात आणि कुठली निम्मी, ते चेहऱ्यावरून कळत नाही. तिने घास डब्यात ठेवला, हात धुतले आणि त्या केंद्राचं हजेरीपत्रक काढायला ती मागच्या खोलीत गेली. गुडघे कुरकुरत होते. फाईल नेमकी सगळ्यात वरच्या फळीवर.

इथे या लोकांच्या कामाची एक रीत सांगायला हवी. वर्गावरचा पर्यवेक्षक गैरहजर मुलाच्या नंबराभोवती लाल गोल काढतो. हजेरीपत्रकं विभागात आली की ते लाल गोल पाहून गैरहजेरी संगणकात चढवायची. एकदा ती चढली की संगणक त्या मुलाचे गुण घेतच नाही. निकालाच्या घाईत हजारो पत्रकं असतात, म्हणून विभागात सगळेच एक करतात. सह्या बघत बसायचं नाही, गोल बघायचे. या वर्षी माणसं कमी होती, तेव्हा चार दिवस खिडकीबाईलाही त्या कामाला बसवलं होतं.

पत्रकावर मुलीच्या नंबराभोवती लाल गोल होता. पुढे तिची सही होती, स्वच्छ आणि ठसठशीत. खिडकीबाईने चष्मा पुसला. त्या पानावर बारा गोल होते आणि बाराही गोलांपुढे बारा सह्या. कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलं होतं, गोल म्हणजे पुरवणी घेतलेले. कुणा शहाण्या पर्यवेक्षकाने आपल्या सोयीसाठी स्वतःची वेगळीच खूण काढली होती. ज्या पोरांनी लिहिता लिहिता आख्खी उत्तरपत्रिका संपवली, नेमकी तीच गैरहजर ठरली होती. आणि पानाच्या तळाशी, नोंद करणाऱ्याच्या जागी, सही होती खिडकीबाईची.

सव्वीस वर्षांत सेवापुस्तकात एक शाईचा डाग नव्हता तिच्या. पत्रक हातात घेऊन ती साहेबांच्या खोलीत गेली.

साहेबांनी पत्रक पाहिलं आणि त्यांनी लगेच तोडगा काढला. मनाने वाईट नव्हते ते. तक्रारीच्या फॉर्मवर सातवा रकाना असतो, चूक कोणाची. तिथे केंद्र लिहायला सांगा मुलीला, म्हणाले. खुणेचा घोळ केंद्राचाच आहे, तेव्हा खोटंही नाही त्यात काही. आपण केंद्राला पत्र पाठवू, त्यांचा खुलासा आला की दुरुस्ती. आता चाळीस दिवस लागतात, त्याला आपण काय करणार. विभाग लिहिलं तर माझ्या सहीने आज संध्याकाळी दुरुस्ती होईल, पण मग चूक करणाऱ्याचं नाव लिहावं लागतं आणि सेवापुस्तकात शेरा बसतो.

"बाई, दोन महिने राहिलेत तुमचे," साहेब म्हणाले. "कशाला जाता जाता लावून घेता?"

खिडकीबाईला ते पटलं. पटलं हो, उगाच तिला साधुसंत कशाला करायचं? खिडकीपाशी परत येईपर्यंत तिने मनाशी ठरवूनही टाकलं होतं, केंद्र. मुलगी उभ्याउभ्याच फॉर्म भरत होती. खिडकीबाईने सांगितलं तसं, चार ओळींत काय झालं, एका ओळीत काय हवंय. इतका नेटका फॉर्म वर्षातून दोनदा मिळतो. सातव्या रकान्यापाशी मुलगी थांबली आणि तिने मान वर केली.

"मॅडम, इथे काय लिहू? मला कुठे माहीत चूक कोणाची ते. तुम्ही सांगाल ते लिहिते."

तुम्ही सांगाल ते. खिडकीबाईला स्वतःचीच इतकी लाज वाटली की तिने नजर डब्याकडे वळवली.

"विभाग लिही," ती म्हणाली. "पुढे कंसात नाव येतं. मी सांगते, लिही."

मुलीने नाव लिहिलं. अगदी आडनावासकट, सुवाच्य अक्षरात. या बाईला काही नाव असेल हेच तिच्या डोक्यात आलं नव्हतं. मग तिने हळूच विचारलं, "त्या मॅडम माझ्यावर राग धरतील का हो? पुढे कधी काम पडलं तर?"

"नाही धरणार," खिडकीबाई म्हणाली. "दमल्यात त्या."

साहेबांनी कपाळाला हात लावला, पण सही केली. चार वाजता मुलीच्या हातात गुणपत्रक पडलं. त्या विषयात तिला शंभरपैकी एक्क्याऐंशी होते. ती उभ्या जागी रडली, आणि घाईघाईत पोच घ्यायची मात्र विसरून गेली.

आता राहिले अकरा. खिडकीबाईने साहेबांना विचारलं, एवीतेवी शेरा बसलाच आहे, तर सगळ्यांचीच दुरुस्ती करून टाकू या का? साहेबांनी नियमाकडे बोट दाखवलं. तक्रार नाही तर दुरुस्ती नाही. पण फॉर्मचा फोटो फोनवर पाठवला तरी चालतो, साडेपाचच्या आत आला पाहिजे. त्यांनी स्वतःहून अकरा जणांचे फोन नंबर काढून दिले. म्हटलं ना, वाईट नव्हते.

ती एकेक फोन लावत बसली. आयुष्यभर तक्रार घेणारी बाई आता दारोदार तक्रार मागत होती. दोघांना आधी ही कसली फसवणूकच वाटली. एकाने विचारलं, तक्रार केल्यावर पुढच्या परीक्षेत अडकवणार नाही ना? एक मुलगी थंडपणे म्हणाली, तिने पुन्हा परीक्षेला बसायचा अर्ज कधीच भरून टाकलाय, तक्रार करून कधी काही होतं का? खिडकीबाईने तरीही तिला फॉर्म पाठवला. प्रत्येकाला ती एकच सांगत होती, सातव्या रकान्यात विभाग लिही. पाचपर्यंत दहा फॉर्म आले. तिचा घसा बसला होता आणि डबा तसाच पडला होता.

अकरावा फोन एका बापाने उचलला. मुलगा घरी नव्हता. खिडकीबाईने सगळं सांगितलं.

"तो सांगत होता," बाप म्हणाला. "पेपर दिलाय म्हणून आईची शपथ घेत होता. मी म्हटलं, सरकारी कागद खोटं बोलतो आणि तू खरं बोलतोस होय? हात उचलला मी त्याच्यावर. त्याला तेरा दिवस झाले. मित्राकडे राहतोय. माझा फोन घेत नाही." मग त्याने एक नंबर सांगितला. "तुम्हीच लावा, मॅडम."

पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. मुलाने फोन उचलला. खिडकीबाईने आपलं नाव सांगितलं, चूक सांगितली, फॉर्म पाठवते म्हणाली, वीस मिनिटं आहेत, पटकन भर.

"ऐकतोयस ना रे?"

"मार्कांचं राहू द्या," तो म्हणाला. त्याचा आवाज अगदीच लहान मुलासारखा निघाला. "मी हजर होतो, एवढं कागदावर द्याल का? बाबांना दाखवायला."

"आधी फॉर्म भर," ती म्हणाली. "ते मी लिहून ठेवते."

तिने एक कोरा कागद ओढला. वर तारीख घातली, खाली त्याचा सीट नंबर, विषय आणि खोली. मग लिहिलं, हा मुलगा परीक्षेला हजर होता आणि त्याने पूर्ण वेळ पेपर लिहिला. चूक माझी आहे. खाली तिने आपलं पूर्ण नाव लिहून सही केली, आणि फोन तसाच कानाला धरून ती त्याचा फॉर्म यायची वाट बघत बसली.